आजीचे शेत ‘चिबडले’ म्हणजे काय झाले?

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

“खालचं शेत चिबडलं,” असे आजी फोनवर म्हणाली, तेव्हा चिबडणे म्हणजे चिखल होणे का, असे तू मला विचारलेस. चिखल पावसात होतो आणि चार दिवस उघडीप मिळाली की वाळतो. चिबड जमीन मात्र वरून कोरडी दिसली तरी आत ओलीच राहते, कारण मुरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नसते. (कोकणातले चिबूड हे फळ निराळे, त्याच्याशी गल्लत करू नकोस.)

सांगली-कोल्हापूरकडच्या उसाच्या पट्ट्यात हा शब्द तुला वारंवार ऐकू येईल. तिथल्या भारी काळ्या मातीतून पाण्याचा निचरा मुळातच सावकाश होतो. त्यात उसाला वर्षानुवर्षे गरजेपेक्षा जास्त पाणी दिले गेले की भूजलाची पातळी चढत मुळांपर्यंत येते, मुळांना हवा मिळेनाशी होते आणि पीक पिवळे पडून खुरटते. पुढे उन्हाने हे पाणी वर खेचले जाऊन उडून जाते, क्षार मात्र मागे राहतात. मातीवर पांढरा थर दिसू लागला की शेतकरी “मीठ फुटलं” म्हणतात. शिरोळ तालुक्यात अशा जमिनी पुष्कळ आहेत, आणि एके काळी भरघोस ऊस देणारे रान असे पडीक झालेले पाहून जीव तुटतो. त्यावर उपाय आहे, पण तो खर्चाचा आहे: सच्छिद्र पाईप जमिनीखाली उताराने पुरून पाणी चरात किंवा ओढ्यात काढून द्यावे लागते. ओढाच बुजलेला असेल, तर शेजारच्या साऱ्या शेतकऱ्यांनी एकत्र आल्याशिवाय काम होत नाही.

पाणी साचलेली प्रत्येक जमीन चिबड नसते: पाय टाकताच रुततो ती दलदल, आणि खाडीकाठी भरतीचे पाणी शिरते ते खाजण. भातासाठी तर पाणी साचवून, नांगर फिरवून मुद्दाम चिखल करतात. या चिखलणीने खाली घट्ट थर बसतो आणि पाणी खाचरात टिकते. भाताला तेच हवे असते, त्यामुळे अशा खाचराला कोणी चिबड म्हणत नाही.

आजीला पत्र लिहिशील तेव्हा “शेतात चिखल झाला” असे लिहू नकोस, “शेत चिबडले, आता निचऱ्याचे काय करणार?” असे विचार.

तुझे बाबा