एमबीबीएस घरी की परदेशात: लातूरच्या एका पालकांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

मुलीची सरकारी महाविद्यालयातली जागा थोड्या गुणांनी हुकली, एक एजंट जॉर्जियातला सहा वर्षांचा अभ्यासक्रम सुचवतो आहे, आणि पुढे तिला इंग्लंडमध्येच काम करायचे असल्याने थेट इकडे शिकायला पाठवावे का, असे आपण विचारले आहे. मी स्वतः मराठवाड्यातल्या सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस होऊन प्लॅबच्या (परदेशी पदवीच्या डॉक्टरांना ब्रिटनमध्ये नोंदणीसाठी द्यावी लागणाऱ्या परीक्षेच्या) वाटेने इकडे इंग्लंडला आलो, त्यामुळे माझे मत त्या वाटेकडे झुकलेले असणार, हे आधीच सांगून टाकतो.

इकडचे शिक्षण चांगले आहे, पण इंग्लंडमध्ये परदेशी विद्यार्थ्यांना साडेसात टक्केच जागा मिळतात, बहुतेक ठिकाणी वर्षाची फी ४० हजार पौंडांच्या वर असते आणि अर्जाची मुदत आदल्या वर्षीच्या १५ ऑक्टोबरला संपते. पाच वर्षांचा राहण्याखाण्यासह हिशेब तीन कोटींच्या घरात जातो. तेवढे पैसे कर्जाशिवाय नसतील, तर हा विषय इथेच सोडावा.

जॉर्जियाबद्दल मात्र सविस्तर लिहितो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा, तिथेच १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी, त्या पदवीवर त्या देशात डॉक्टरकी करण्याचा परवाना मिळायला हवा, आणि भारतात परतल्यावर पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप करून हे सगळे दहा वर्षांच्या आत संपायला हवे. शिवाय परदेशातून पदवी घेऊन आलेल्यांसाठीची एफएमजीई ही भारतातली पात्रता परीक्षा आहेच. तिच्यात ३०० पैकी १५० गुण लागतात आणि बहुतेक खेपांना निम्म्याहून कितीतरी अधिक मुले नापास होतात. एजंट कागदपत्रांची हमी देतो, पण वॉर्डातल्या भाषेबद्दल तो बोलत नाही. माझा मावसभाऊ पूर्व युरोपात शिकला. वर्गात इंग्रजी होती, पण रुग्ण स्थानिक भाषेत बोलत, त्यामुळे तिसऱ्या वर्षापासून तो प्राध्यापकांच्या पाठीमागे उभा राहून माना डोलावत असे. त्याला एफएमजीई तिसऱ्या खेपेला सुटली, आणि पहिली शीर त्याने भारतातल्या इंटर्नशिपमध्ये शोधली.

आमच्याकडे याच्या अगदी उलट होते. इंटर्न असताना एका रात्री कीटकनाशक प्यालेला शेतकरी आला. पहाटेपर्यंत मी ॲट्रोपिन या उताऱ्याच्या ॲम्प्यूल फोडत होतो, अंगठा कापला होता, आणि दर काही मिनिटांनी त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या, नाडी आणि छातीतला घरघराट तपासत होतो. बाहेर बसलेल्या त्याच्या आईला काय चालले आहे ते मराठीत सांगायचे कामही माझेच होते. ही सवय इकडे फार उपयोगी पडली. अर्थात तिच्यातल्या उणिवाही कळल्या: मँचेस्टरला प्लॅब २ मध्ये, म्हणजे त्या परीक्षेच्या प्रात्यक्षिक भागात, रुग्णाची भूमिका करणाऱ्या बाईंचे निदान मी मिनिटभरात केले, पण आठ मिनिटांत 'तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते?' हे एकदाही विचारले नाही. ओपीडीत दिवसाला दोनशे रुग्ण पाहणाऱ्याला तेवढी सवड कुठली!

आता दुसरी बाजू. प्लॅब पास होणे म्हणजे नोकरी मिळणे, हे समीकरण आता उरलेले नाही. २०२५ च्या जुलैत ब्रिटिश सरकारने जाहीर केलेल्या दहा वर्षांच्या आरोग्य आराखड्यात पदव्युत्तर प्रशिक्षणाच्या जागांसाठी इकडच्या पदवीधरांना प्राधान्य देण्याचे ठरले आहे. म्हणून मी आज नव्याने सुरुवात करत असतो, तर इंग्लंड हे एकमेव ध्येय न ठेवता, ते न जमल्यास भारतात नीट-पीजी ही पदव्युत्तर प्रवेश परीक्षा देऊन पुढे जाता येईल अशी पदवी निवडली असती. ती सोय भारतातल्या एमबीबीएसला सरळ मिळते. जॉर्जियाच्या पदवीला आधी एफएमजीई ओलांडावी लागते.

तेव्हा माझा सल्ला असा, की मुलीची तयारी असेल तर एक वर्ष थांबून नीटची परीक्षा पुन्हा द्यावी. लातुरात राहून हे आपल्याला मी सांगायला नको. नाहीतर राज्यातल्या खासगी महाविद्यालयाचा विचार करावा. आपण इतर मागास किंवा आर्थिक दुर्बल प्रवर्गात असाल आणि कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर मुलींसाठीच्या २०२४ च्या शुल्कमाफीबद्दल सीईटी कक्षाकडे नक्की चौकशी करा. एजंटाला पैसे देण्यापूर्वी त्याच विद्यापीठातून गेल्या दोन वर्षांत परतलेल्या तीन मुलांचे फोन नंबर मागा, आणि त्यांना फीबद्दल विचारू नका. तिथे स्वतःच्या हाताने किती रुग्ण तपासले, तेवढे विचारा.