वाळवंटात जा, गाडी मात्र आहे तीच न्या

सॅन होजेहून एका वाचक ताईंचा प्रश्न आला आहे. मुलगी चौथीत आहे आणि एप्रिलमध्ये तिला स्प्रिंग ब्रेक आहे. डेथ व्हॅली, झायन, ब्राइस, कॅपिटॉल रीफ, आर्चेस आणि कॅनियनलँड्स अशा नॅशनल पार्कांचा १२ दिवसांचा बेत आहे, खर्चाचा अंदाज ६,५०० डॉलर. मिस्टर एच-१बीवर, म्हणजे नोकरीशी बांधलेल्या व्हिसावर आहेत, ताईंचं कंत्राटी काम जानेवारीत संपलं आणि दुसरं अजून मिळालेलं नाही. बँकेत ३१,००० डॉलर आहेत, महिन्याचा घरखर्च ६,८००. दारात ७८,००० मैल चाललेली कॅमरी. मिस्टरांचं म्हणणं, वाळवंटात सेडान घेऊन कोण जातं? ५४,००० ची नवी फोररनर एसयूव्ही घेऊ, कॅमरीचे ९,००० येतील, बाकीचं कर्ज. शिवाय पुढच्या वर्षी आई-बाबा सांगलीहून येणार, तेव्हा मोठी गाडी लागेलच. ते नको असेल तर आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घेऊ. ताईंनी शेवटी विचारलंय, की यंदा जायचंच रद्द करावं?

रद्द करू नका ताई. तुमच्या पत्रात सहल आणि गाडी या दोन गोष्टी एकाच पिशवीत पडल्या आहेत, त्या आधी वेगळ्या काढू.

४५,००० चं कर्ज, ७ टक्के व्याज आणि ७२ महिने धरले तर हप्ता साधारण ७६७ डॉलर बसतो आणि सहा वर्षांत व्याजापोटी १०,००० हून जास्त जातात. त्यात कॅलिफोर्नियात विक्रीकर जुन्या गाडीची किंमत वजा न करता पूर्ण ५४,००० वर लागतो, म्हणजे पाच हजारांच्या आसपास आणखी. इन्शुरन्सही वाढेल. एका पगारावर चाललेल्या घरात हे सगळं एका आठवड्याच्या सुट्टीसाठी आणायचं?

बरं, तिथे ती गाडी लागते का? तुमच्या यादीतली बहुतेक ठिकाणं डांबरी रस्त्यावर आहेत. डेथ व्हॅलीतलं बॅडवॉटर, झब्रिस्की पॉइंट, मेस्कीट फ्लॅटच्या वाळूच्या टेकड्या, सगळीकडे सेडान जाते. ब्राइसमध्ये कड्याकडेने जाणारा मुख्य रस्ता पक्का आहे. झायनच्या मुख्य घळीत तर मार्च ते नोव्हेंबर स्वतःची गाडी नेताच येत नाही, पार्कच्या फुकट शटलनेच फिरावं लागतं. उंच गाडी लागते ती डेथ व्हॅलीतल्या 'रेसट्रॅक' नावाच्या कोरड्या तळ्याला किंवा कॅनियनलँड्सच्या कच्च्या व्हाइट रिम रोडला. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला घेऊन पहिल्याच वाळवंटी सहलीत तिकडे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. रेसट्रॅकच्या वाटेवर टोकदार दगडांनी टायर फाटतात आणि फोनला रेंज नसते.

सांगलीच्या आई-बाबांसाठी त्या दोन-तीन आठवड्यांपुरती मिनीव्हॅन भाड्याने घ्या. त्या वेळचा एक खर्च मात्र आत्ताच टिपून ठेवा. २०२६ पासून अमेरिकेबाहेरून येणाऱ्या १६ वर्षांवरच्या पाहुण्यांना ११ मोठ्या पार्कांत माणशी १०० डॉलर जादा प्रवेशशुल्क आहे, आणि झायन, ब्राइस, ग्रँड कॅनियन ही तिन्ही त्या यादीत आहेत. परदेशी पाहुण्यांसाठीचा वार्षिक पास २५० डॉलरचा आहे. यादीतली दोन पार्क दाखवायची असली तरी दोघांसाठी तोच घेणं परवडेल.

आता मला खरी काळजी वाटते ती गोष्ट. तुमचे ३१,००० म्हणजे साडेचार महिन्यांचा खर्च. नागरिक कुटुंबाला मी म्हटलं असतं, ठीक आहे, थोडं वाढवा. एच-१बीचं गणित वेगळं आहे. नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते. तेवढ्यात नवा एम्प्लॉयर मिळायला हवा, व्हिसाचा दर्जा बदलायला हवा, नाहीतर परतीचं तिकीट. तुमचं आणीबाणीचं पाकीट नुसत्या भाड्याकिराण्याचं नाही. लीज मोडण्याचा भुर्दंड, तीन विमान तिकिटं, सामान पाठवणं, पुण्या-मुंबईत नव्याने घर लावणं हे सगळं त्यातूनच व्हायचं आहे. अशा वेळी अंगावर ४५,००० चं कर्ज असलेली गाडी घाईत विकावी लागते, आणि घाईतल्या माणसाला डीलर काय भाव देतो ते सांगायला नको. फोररनर किंमत चांगली टिकवते हे मान्य. तरी पहिल्या एक-दोन वर्षांत येणाऱ्या पैशातून कर्ज पूर्ण फिटेलच, याची खात्री मी देणार नाही.

आरव्हीबद्दल थोडक्यात. भाडं, मैलामागचे पैसे, कॅम्पग्राउंड, आणि गॅलनला जेमतेम आठ-दहा मैल. तुमचा पूर्ण फेरा सुमारे २,४०० मैलांचा होतो. गॅलनला ४ डॉलर धरले तरी कॅमरीला ३२० लागतील, आरव्हीला हजाराच्या आसपास किंवा वर. झायनमधला १९३० साली पूर्ण झालेला बोगदा अरुंद आहे. ७ फूट १० इंचांपेक्षा रुंद किंवा ११ फूट ४ इंचांपेक्षा उंच गाड्यांना तो रस्ता २०२६ च्या जूनपासून बंद, म्हणजे ब्राइसला जायला लांबचा वळसा. डेथ व्हॅलीत आर्टिस्ट्स ड्राइव्हवर २५ फुटांपेक्षा लांब गाडी जात नाही. मुलांना आरव्ही फार आवडते, हे खरं. पण एवढ्या पैशात हॉटेलातला स्विमिंग पूलही त्यांना तितकाच आवडतो.

मी तुमच्या जागी असतो तर बेताचे दोन तुकडे केले असते. स्प्रिंग ब्रेकचा आठवडा आणि दोन्हीकडचे शनिवार-रविवार मिळून नऊ दिवस होतात. तेवढ्यात डेथ व्हॅली, लास व्हेगासला एक मुक्काम, झायन, ब्राइस आणि परत. आर्चेस-कॅनियनलँड्स घरून एका दिशेलाच साडेनऊशे मैलांवर आहेत, ती ताईंना काम मिळाल्यावर. कॅपिटॉल रीफही त्याच फेरीत. आठ रात्रींचे सरासरी २३० प्रमाणे १,८४०, पेट्रोल ३००, जेवणखाण ८००, गाडीच्या कामाला ५००, हाताशी ४००. एकूण चार हजारांच्या आत. झायनला पार्कच्या दाराशी असलेल्या स्प्रिंगडेलऐवजी हरिकेन गावात उतरलात तर खोली बरीच स्वस्त पडते, सकाळी अर्ध्या-पाऊण तासाचा ड्राइव्ह तेवढा वाढतो. व्हेगासच्या हॉटेलचा दर पाहताना रिसॉर्ट फी, म्हणजे खोलीभाड्यावरची सक्तीची फी, धरूनच एकूण आकडा पाहा. मे २०२५ आधी वेबसाइटवर ६० दिसणारी खोली प्रत्यक्षात शंभरच्या पुढे जायची.

प्रवेशाचे पैसे तुम्हाला लागणारच नाहीत. चौथीतल्या मुलांना एव्हरी किड आउटडोअर्स या सरकारी योजनेचा पास फुकट मिळतो आणि गाडीतल्या सगळ्यांना चालतो. मुदत ३१ ऑगस्टपर्यंत. वेबसाइटवरून व्हाउचर छापून कागदच सोबत न्या. तरीही "चौथीचं वर्ष पुन्हा येणार नाही" म्हणून बेत वाढवू नका. या पासने वाचतात ते फार तर ८० डॉलर, कारण इथे राहणाऱ्यांचा वार्षिक पास तेवढ्यालाच मिळतो.

गाडीच्या कामाचे ५०० मात्र काटू नका. टायर, कूलंट, बॅटरी तपासून घ्या. रस्त्यात गाडी बंद पडल्यास मदत करणाऱ्या ट्रिपल ए संस्थेची प्लस मेंबरशिप घ्या, कारण साध्या मेंबरशिपमध्ये टोइंग अगदी थोड्या मैलांचं असतं, प्लसमध्ये १०० मैलांचं. डेथ व्हॅलीतून गाडी ओढून आणायचं बिल एकदा पाहिलं की वर्षाची फी किरकोळ वाटेल. ती आयत्या वेळी घेऊ नका, वाढीव सुविधा लागू व्हायला काही दिवस जाऊ शकतात. आत शिरण्यापूर्वी रिजक्रेस्टला टाकी भरा, पार्कमधलं पेट्रोल फार महाग आहे. माणशी दिवसाला गॅलनभर पाणी हवं. आणि तुमचा आरोग्य विमा एचएमओ, म्हणजे ठरावीक डॉक्टर-हॉस्पिटलांपुरताच चालणारा, असेल तर नेवाडा-युटामध्ये तो बहुधा इमर्जन्सीपुरताच चालेल, हे आधी फोन करून विचारा. एकाच बॅगेत उन्हाळी कपडे आणि जॅकेटही लागेल: बॅडवॉटर समुद्रसपाटीखाली ८६ मीटर, तर ब्राइसचा कडा ८,००० फुटांच्या वर आणि एप्रिलमध्ये तिथे बर्फ असतो.

हॉटेलं रद्द करता येतील अशाच दराने बुक करा, दहा-पंधरा डॉलर जास्त गेले तरी चालतील. निघण्याआधी मिस्टरांच्या कंपनीत काही खालीवर झालं, तर दोन क्लिकमध्ये सगळे पैसे परत खात्यात यायला हवेत. फोररनरचा विषय ताईंना नवं काम लागून सहा पगार हातात पडल्यावर पुन्हा काढा. तेव्हाही आधी दोन वर्षं वापरलेली गाडी बघा.