वरणभात जमिनीवर गेला तरी

अगं, दीड वर्षाची लेक जेवत नाही म्हणून रडत बसू नकोस. पहिल्या वर्षात बाळाचं वजन साधारण तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात मात्र जेमतेम २ ते २.५ किलो वाढतं. मग भूक कमी होणारच. ताटलीत दोनच घास वाढ, खाली जुनी चादर अंथर आणि तिला तिच्या हाताने खाऊ दे. माझ्या लेकीने वरणभात केसांना चोपडला, उरलेला वाटीसकट खाली टाकला आणि "पल्ला!" म्हणून टाळ्या पिटल्या. आम्ही दोघं पोट धरून हसलो. मोबाइल दाखवून भरवू नकोस, पोट भरल्याचं तिच्या लक्षातच येत नाही. एक मात्र कटाक्षाने पाळ: अख्खे शेंगदाणे अजिबात नकोत, द्राक्षं उभी चिरूनच दे. आणि फरशी नवऱ्याला पुसू दे, तू आधी गरम चहा घे.