वाचकांचे प्रश्न : ब्रेक नसलेल्या सायकलवरचे विश्वविजेतेपद

प्रश्न : मोबाइलवर एक चित्रफीत पाहण्यात आली. एक जर्मन मुलगी मोठ्या सभागृहात चालत्या सायकलच्या हँडलवर दोन्ही हात पसरून उभी राहते आणि सायकल गोल फिरत राहते. ही जागतिक स्पर्धा असल्याचे खाली लिहिले होते. आमच्या लहानपणी गावच्या चौकात सात-सात दिवस सायकलवरून खाली न उतरणारे कलाकार येत. सायकलवरच आंघोळ, सायकलवरच जेवण, रात्री बांबूला दिव्यांची माळ आणि कर्ण्यावर गाणी असा तो थाट असे. त्याला आम्ही कसरत म्हणत होतो, खेळ नव्हे. मग इथे विश्वविजेतेपद नेमके कशावर देतात? – एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आपण पाहिलेला प्रकार कलात्मक सायकलिंगचा आहे. यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेची इनडोअर सायकलिंगची स्वतंत्र जागतिक स्पर्धा असते आणि तिच्यात कलात्मक सायकलिंग व सायकल-बॉल असे दोनच खेळ असतात. 2023 साली ग्लासगो येथे सायकलिंगच्या बहुतेक सर्व जागतिक स्पर्धा एकत्र भरवल्या गेल्या, तेव्हा रस्त्यावरच्या आणि डोंगरातल्या शर्यतींच्या जोडीला या दोन खेळांनाही जागा मिळाली होती.

कसरत आणि खेळ यांतली सीमारेषा कुठे आहे, हा आपला खरा प्रश्न आहे. चौकातल्या कलाकाराचे कसब कमी प्रतीचे होते, असे मी मुळीच म्हणणार नाही. सात दिवस तोल सांभाळणे ही साधी गोष्ट नव्हे. मात्र त्याचे मोल बघणाऱ्यांच्या खुशीवर ठरत असे, तर इथे प्रत्येक प्रकाराचे मोल नियमपुस्तकात आधीच छापलेले असते. वैयक्तिक गटातील स्पर्धक जास्तीत जास्त 30 प्रकारांची यादी, क्रमासह, स्पर्धेपूर्वी लेखी देतो. त्या प्रकारांच्या गुणांची बेरीज हीच त्याची सुरुवातीची रक्कम असते. पुढच्या पाच मिनिटांत त्याला नवे काहीही मिळवता येत नाही, कारण जी रक्कम त्याने स्वतः जाहीर केली ती राखणे एवढेच त्याच्या हातात उरते. प्रेक्षकांनी कितीही टाळ्या वाजवल्या तरी गुण वाढत नाहीत. मला या खेळाविषयी जो आदर वाटतो तो मुख्यतः या व्यवस्थेमुळे, कारण आपली कुवत किती, हे स्पर्धकाला आधी कागदावर लिहून द्यावे लागते आणि मग सर्वांसमोर ते शब्दशः करून दाखवावे लागते.

गुण कापण्याची पद्धतही जवळून पाहण्यासारखी आहे. मैदानालगत पंचांची टेबले असतात. एक पंच डोळे स्पर्धकावर ठेवून चूक तोंडी सांगतो आणि शेजारचा ती कागदावर उतरवतो, म्हणजे पाहणाऱ्याला क्षणभरही मान खाली घालावी लागत नाही. चुकांसाठी खुणा ठरलेल्या आहेत. किरकोळ चुकीला फुली आणि 0.2 गुण, त्याहून मोठीला लाट आणि 0.5, ठळक चुकीला रेघ आणि 1, आणि स्पर्धक पडला तर गोल आणि 2 गुण वजा होतात. प्रकार अर्धवट राहिला किंवा ठरलेले अंतर पूर्ण झाले नाही, तर त्या प्रकाराच्या गुणांतूनही वेगळी कपात होते. पाच मिनिटे संपली आणि यादीतले शेवटचे दोन प्रकार राहून गेले, तर त्यांचे गुण सरळ जातात. त्यामुळे समजा एखाद्याने 190 गुणांची यादी दिली आणि दुसऱ्याने 182 गुणांची, तर पहिला पुढे आहे असे दिसते खरे, पण दोनदा पडणे आणि एक प्रकार हुकणे एवढ्यात ते अंतर भरून निघू शकते.

सायकल आपल्या ओळखीची असली तरी तिच्यात मोठा फरक आहे. तिला ब्रेक नसतो आणि फ्रीव्हीलही नसते. आपल्या सायकलचे पायडल उलटे फिरवले तर नुसता कटकट आवाज येतो आणि चाक पुढेच जात राहते, पण या सायकलवर पायडल उलटे फिरवले की सायकलही उलटी चालू लागते. पुढचे आणि मागचे दातेचक्र जवळजवळ सारख्या आकाराचे असल्याने वेग फार वाढत नाही, आणि तो वाढू नये हेच अपेक्षित असते. शाळेच्या स्नेहसंमेलनात हळू सायकल चालवण्याच्या शर्यतीत ज्यांनी भाग घेतला असेल, त्यांना हळू चालणाऱ्या सायकलवर तोल सांभाळणे किती अवघड असते हे सांगायला नको. हँडल पूर्ण गोल फिरते, आणि चाकांच्या आसाला दोन्ही बाजूंनी पाय ठेवण्यासाठी छोट्या खुंट्या असतात. पायांत मऊ तळव्याचे हलके बूट असतात, कारण तळपायाला सीटची आणि हँडलची कड जाणवणे आवश्यक असते.

मैदान 11 मीटर बाय 14 मीटर एवढेच असते आणि त्यावर वर्तुळे आखलेली असतात. त्यांच्याभोवती अर्धी फेरी, पूर्ण फेरी किंवा इंग्रजी आठचा आकडा काढताना तो प्रकार टिकवून धरावा लागतो. हँडलवर उभे राहणे, सीट आणि हँडल धरून हातांवर उभे राहणे, पुढचे चाक उचलून केवळ मागच्या चाकावर फिरणे, असे हे प्रकार असतात. सीटवर उभे राहून चालत्या सायकलच्या हँडलवर उडी घेण्याचा एक प्रकार जर्मनीचे विजेते डिटर माउटे यांच्या नावाने ओळखला जातो. जोडीच्या गटात दोघी किंवा दोघे आधी दोन सायकलींवर एकसारखे प्रकार करतात आणि मग एकाच सायकलवर येतात. चौघांचाही एक गट असतो. पुरुषांच्या वैयक्तिक गटात जर्मनीचे लुकास कोल 2016 पासून वारंवार विश्वविजेते ठरले आहेत आणि या गटात 200 हून अधिक गुणही नोंदले गेले आहेत.

प्रश्न : याच स्पर्धेतील सायकल-बॉल म्हणजे सायकलवरचा फुटबॉलच का? पाय जमिनीला लागला तर काय होते? – एक वाचिका, नागपूर

उत्तर : फुटबॉलशी साम्य आहे ते गोलाच्या चौकटीपुरते. प्रत्येक संघात दोनच खेळाडू असतात आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव होतात. मैदान कलात्मक सायकलिंगएवढेच असते, पण त्याच्या कडेने सुमारे 30 सेंटिमीटर उंचीच्या फळ्या लावलेल्या असतात आणि गोलाची चौकट दोन मीटर रुंद व दोन मीटर उंच असते. चेंडू अर्ध्या किलोहून थोडा जड असतो आणि फारसा उसळत नाही. तो मुख्यतः पुढच्या चाकाने मारायचा असतो. खेळाडू चाक चेंडूला लावून क्षणभर जागच्या जागी थांबतो, मग हँडलला झटका देतो आणि चेंडू चौकटीकडे सुटतो. हात वापरण्याची मुभा फक्त गोल राखणाऱ्याला आणि तीही त्याच्या ठरलेल्या जागेत असते.

पाय टेकला तर तो खेळाडू लगेच खेळू शकत नाही. त्याला सायकल घेऊन आपल्या गोलरेषेपर्यंत मागे जावे लागते, आणि तेवढा वेळ त्याचा साथीदार एकटा पडतो. याच काही सेकंदांत गोल होण्याची शक्यता वाढते, म्हणून सामना पाहताना नजर चेंडूपेक्षा खेळाडूंच्या पायांवर ठेवावी, असे मी सुचवेन.

खेळाच्या जन्माची कथाही सांगण्याजोगी आहे. अमेरिकेतील रॉचेस्टर शहरात निकोलस कॉफमन हे सायकलवर कसरती करणारे प्रसिद्ध कलाकार होते. त्यांच्या चाकासमोर एकदा एक छोटा कुत्रा आला आणि त्यांनी त्याला इजा न करता पुढच्या चाकाने अलगद बाजूला सारले, त्यावरून हा खेळ सुचला, असे सांगतात. 1893 साली त्यांनी तो लोकांसमोर आणला. पुढे तो अमेरिकेपेक्षा मध्य युरोपात अधिक रुजला. चेकोस्लोव्हाकियातील ब्रनो शहराचे यान आणि यिंद्रिख पोस्पिशिल हे भाऊ 1965 ते 1988 या काळात 20 वेळा विश्वविजेते झाले. दोन माणसांनी इतकी वर्षे एकमेकांच्या हालचाली न बोलता ओळखत राहावे, ही गोष्ट मला त्या आकड्यापेक्षाही मोठी वाटते.

प्रश्न : आम्ही श्टुटगार्टजवळच्या एका छोट्या गावात राहतो. मुलीच्या वर्गातल्या दोघी मैत्रिणी कलात्मक सायकलिंगच्या सरावाला जातात आणि आता आमची आठ वर्षांची लेकही हट्ट धरून बसली आहे. तिला पाठवावे का? पडण्याची भीती वाटते. – एक आई, जर्मनी

उत्तर : जरूर पाठवा. आपण अगदी योग्य ठिकाणी आहात, कारण जर्मनीचा दक्षिण भाग हा या खेळाचे माहेरघरच म्हणावा असा आहे आणि श्टुटगार्टमध्ये ही जागतिक स्पर्धा 2010, 2016 आणि 2021 साली भरली होती. तिथे हा खेळ गावोगावच्या क्लबांतून वाढला आहे.

पडण्याविषयीची काळजी स्वाभाविक आहे, आणि मुले पडतात हेही खरे आहे. परंतु वेग कमी असतो, जमीन सपाट असते, आणि पडण्यापूर्वी सायकल सोडून पायांवर उतरायचे कसे, हे शिकून घेता येते. अवघड प्रकार शिकताना प्रशिक्षक सायकलच्या बाजूने चालत हाताचा आधार देतात. पहिले काही महिने मुलगी हँडलवर वगैरे उभी राहणार नाही. ती उलटे पायडल मारायला आणि वर्तुळाच्या रेषेला धरून फिरायला शिकेल, आणि त्यात तिला कंटाळाही येईल. तेव्हा तिच्यावर निकालाचा ताण आणू नका. सायकल मात्र लगेच विकत घेऊ नका. ती महाग असते आणि मुलांची उंची भराभर वाढते, म्हणून क्लबची सायकल वापरायला मिळते का, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. बुटांचे तळवे मऊ असू द्या आणि नाडीची टोके आत खोचलेली आहेत ना, हे दर वेळी पाहा, कारण चेनमध्ये नाडी अडकली तरी फ्रीव्हील नसलेल्या या सायकलचे पायडल चाकाबरोबर फिरतच राहते.