वाचकांचे प्रश्न : पिकलबॉल आणि दुखणारा गुडघा

प्रश्न : माझं वय ४९. सोसायटीच्या कोर्टावर पिकलबॉल (टेनिससारखा, पण छोट्या कोर्टावरचा खेळ) सुरू झाल्यापासून आठवड्यातले पाच दिवस दीड-दोन तास खेळते. महिनाभर उजव्या गुडघ्याच्या वाटीभोवती दुखतंय, जिना उतरताना जास्त. सूज नाही, गुडघा अडकत नाही. पंधरा दिवस खेळ बंद ठेवला तर बरं वाटलं, पण पुन्हा सुरू करताच तिसऱ्या दिवशी तेच. – एक वाचक, ठाणे

उत्तर : तुम्ही सांगता ती लक्षणं बहुतेक वेळा वाटी आणि मांडीचं हाड यांच्यामधल्या सांध्यावर एकदम भार वाढल्याची असतात. विश्रांतीने दुखणं शमलं, पण मांडीच्या स्नायूंची ताकद त्या पंधरा दिवसांत वाढली नाही, थोडी उतरलीच असेल. त्यावर पुन्हा पहिल्यासारखं खेळलात, म्हणून गुडघा परत बोलायला लागला.

खेळ पूर्ण बंद करू नका, कमी करा. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, फक्त डबल्स, ४५ मिनिटं. दुखणं ० ते १० मध्ये मोजा. खेळताना ३ पर्यंत चालेल. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावर. तिथे कालच्यापेक्षा जास्त दुखलं, तर पुढच्या वेळी १५ मिनिटं कमी खेळा. नाही दुखलं, तर आठवड्याला १०-१५ मिनिटांनी वाढवा.

व्यायाम आठवड्यातून तीनदा, मध्ये एक दिवस सोडून. सुरुवात भिंतीपासून. पाठ भिंतीला टेकवा, पावलं भिंतीपासून दीड फूट पुढे, आणि गुडघे साधारण ६० अंशांत वाकतील इतकंच खाली सरका. ३० सेकंद थांबा, असं पाच वेळा, मध्ये मिनिटभर विश्रांती. बरेच जण पहिल्याच दिवशी काटकोनात बसतात आणि वाटी जास्त दुखवून घेतात. दुखलं तर थोडं वर सरका. मग खुर्चीतून हात न लावता उठा आणि बसताना तीन सेकंद घेत सावकाश बसा, १० वेळा, तीन फेऱ्या. पोटरीसाठी टाचा उचलणं, १५ वेळा, तीन फेऱ्या.

कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू मात्र लोक हमखास विसरतात. डाव्या कुशीवर झोपा, वरचा पाय सरळ ठेवून किंचित मागे न्या आणि मग उचला, १२ वेळा, तीन फेऱ्या. पाय पुढे आला किंवा बोटं छताकडे वळली, तर काम मांडीच्या पुढच्या स्नायूकडे जातं आणि हवा तो स्नायू नुसता पडून राहतो. हा स्नायू कमकुवत असला की एका पायावर भार येताच गुडघा आत झुकतो. तपासायचं असेल तर आरशासमोर जिन्याच्या खालच्या पायरीवर उजव्या पायाने उभ्या राहा आणि डाव्या पायाची टाच सावकाश जमिनीला टेकवून परत वर या. गुडघा अंगठ्याच्या आत जातो का ते पाहा. दोन-तीन आठवड्यांनंतर, दुखणं कमी झालं की, हीच हालचाल व्यायाम म्हणून ८ वेळा, तीन फेऱ्या करा. फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे लागतात. तीन आठवड्यांत सोडून दिलेला व्यायाम वाया जातो, याचं आम्हाला फार वाईट वाटतं.

आता कोर्टावर. प्लास्टिकचा भोकांचा चेंडू फार उसळत नाही. नेटपासून ७ फुटांवरच्या किचन लाइनवर डिंक, म्हणजे नेटच्या जेमतेम वरून टाकलेला हलका फटका, खेळताना सतत वाकून राहावं लागतं आणि गुडघा जितका जास्त वाकेल तितका वाटीवर दाब वाढतो. टाचा उचलून, गुडघे पुढे काढून वाकलात तर तो आणखी वाढतो. पाय खांद्यांपेक्षा थोडे जास्त फाकवा आणि मागच्या स्टुलावर टेकायला निघाल्यासारखा कुल्ला मागे न्या. बाजूचा चेंडू रोवलेल्या पायावर वळून घेऊ नका, पाऊल टाकून घ्या. लॉब, म्हणजे डोक्यावरून मागे जाणारा उंच चेंडू, आला तर उलट्या पावलांनी मागे पळू नका, अंग वळवून धावा. पळण्याचे जाड, मऊ तळव्याचे बूट आडव्या हालचालीत कलंडतात. रुंद, सपाट तळव्याचे कोर्ट शूज घ्या.

प्रश्न : वय ६३. एक्स-रेमध्ये गुडघ्याची झीज दिसली. पिकलबॉल सोडावं का? नी कॅप वापरू का? – एक वाचक, पुणे

उत्तर : एक्स-रेतली झीज आणि प्रत्यक्ष दुखणं यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही. झीज असली तरी स्नायूंचे व्यायाम हाच उपचाराचा पाया आहे आणि वरचेच व्यायाम तुम्हालाही लागू पडतात, फक्त खुर्ची उंच घ्या किंवा तिच्यावर उशी ठेवा. खेळण्याआधी दहा मिनिटं चाला, मग आडवी पावलं टाका. वजन जास्त असेल तर प्रत्येक कमी केलेल्या किलोमागे चालताना गुडघ्यावरचा भार दर पावलाला सुमारे चार किलोंनी हलका होतो. नी कॅपने ऊब आणि धीर मिळतो, म्हणून खेळताना जरूर घाला, पण तिने ताकद येत नाही. घट्ट बसून पोटरी सुजत असेल तर एक माप मोठी घ्या.

प्रश्न : खेळताना गुडघ्यात ‘कट्’ आवाज झाला, दोन तासांत सुजला. आता पूर्ण सरळ होत नाही. मालीश करू का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : मालीश नको, व्यायामही नकोत. इतक्या लवकर आलेली सूज बहुतेकदा सांध्यात रक्त साचल्याची असते. आतला अस्थिबंध (लिगामेंट) किंवा हाडांमधली गादी फाटलेली असू शकते. आजच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. तोवर फडक्यात गुंडाळून १५ मिनिटं बर्फ लावा, पाय उशीवर उंच ठेवा आणि त्या पायावर भार देऊ नका. चार पावलंही टाकता येत नसतील, गुडघा काटकोनात वाकत नसेल किंवा वाटीवर दाबताच जोरात दुखत असेल, तर एक्स-रे लागेलच. पाय रोवलेला असताना अंग वळलं होतं का, आणि सूज किती वेळात आली, हे डॉक्टरांना न विसरता सांगा. निदानाला त्याची मोठी मदत होते.