साध्या गॅसच्या टॉर्चवर काचेचे मणी करताना

भाऊ, ऑक्सिजनची टॉर्च हातची गेली म्हणून खट्टू होऊ नकोस, फक्त हात मंद कर. ही साधी टॉर्च ऑक्सिजन भोवतालच्या हवेतूनच ओढते, म्हणून आच कमी. नवीन माणूस घाईनं काच टॉर्चच्या तोंडाशी नेतो अन् पांढरी काचेची कांडी करडी पडते. चार बोटं लांब धर, रंग स्वच्छ राहतो.

- ५-६ मिमीची मऊ सोडा-लाइम काच घे. बोरोसिलिकेट, म्हणजे जास्त आच मागणारी कडक काच, सध्या नको.
- कांडी एकदम आचेत खुपसू नकोस, तडकून उडते. चष्मा हवाच.
- गॅस गळतोय का बघायला नळीच्या जोडांना रोज साबणाचं पाणी लाव.
- खिडकी उघडी, पण कूलर बंद. झोतात ज्योत डगमगते. आपल्या मे महिन्यात हे जिवावर येतं, म्हणून पहाटेच बस.

मणी हळूहळू निवावा म्हणून चुलीतल्या गरम, कोरड्या राखेत पुरून ठेव. भट्टीचं नंतर बोलू.