कडेचा लाल रंग व्हाइट बॅलन्सने जाणार नाही

तलावपाळीचा तुझा फोटो पाहिला. आभाळ डावीकडे लालसर, उजवीकडे हिरवट. लेन्स बिघडलेली नाही, विकायला काढू नकोस. तुझ्या लायकासारख्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात (वेगळ्या खिडकीतून बघून फोकस करायचा) एसएलआरसारखा आरसा नसतो, त्यामुळे 15 किंवा 21 एमएमच्या जुन्या वाइड लेन्सची मागची काच सेन्सरला जवळजवळ टेकते. कोपऱ्यांवर प्रकाश फारच तिरपा पडतो आणि रंग फिरतो. लायकाच्या एम9 या डिजिटल कॅमेऱ्यावर हे ठळक दिसतं. व्हाइट बॅलन्स अख्ख्या फोटोचा रंग एकदम बदलतो, त्याच्याशी झटत बसू नकोस, एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते.

आधी कॅमेऱ्याच्या मेनूत तुझ्या लेन्सच्या एमएमच्या जवळची लायका लेन्स निवडून बघ, कधीकधी तेवढ्यावर भागतं. नाहीतर नेमप्लेटवाल्याकडून दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा आण. फोटो काढला की जागेवरच, त्याच प्रकाशात, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) आणि फोकस न हलवता तो तुकडा लेन्सच्या तोंडावर टेकवून धर आणि आणखी एक रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फ्रेम घे. फ्रेम राखाडी यावी, पांढरीफटक नको. लाईटरूम क्लासिक या फोटो एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही फ्रेम निवडून लायब्ररी मेनूतलं फ्लॅट-फील्ड करेक्शन चालव, ते राखाडी फ्रेम बघून फोटोतला रंगाचा फरक काढतं. तिथे फक्त रंग सुधारण्याचा पर्याय आहे, तोच घे. त्यात कोपऱ्यांचा अंधार तसाच राहतो, तो मला तरी आवडतो. तुकडा बॅगेत मऊ कापडात ठेव, ओरखडे लगेच पडतात.